लसीकरणाचा सर्व्हे आणि कुलूप लावलेली घरं

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) झाल्यावर मी सोलापुरातल्या एका लसीकरण सर्व्हेत फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून काम केलं. शहराचा पूर्व भाग म्हणजे अशोक चौकाच्या पुढचा यंत्रमाग आणि विडी कामगारांचा पट्टा, शिवाय कुंभारीकडची विडी घरकुल वसाहत. ओळखीतले बरेच जण विचारतात की तुम्ही डोस देता का, आणि देत नसाल तर सरकारकडे रजिस्टर आहेच की, मग परत दारोदार कशाला फिरता. दोन ओळीत ह्याचं उत्तर देता येत नाही म्हणून सविस्तर लिहिते, आणि खरं सांगायचं तर ह्या कामात जे दिसलं ते लोकांपर्यंत जावं असं मला फार मनापासून वाटतं.

रजिस्टरवरची टक्केवारी कशी निघते ते आधी बघा. वरच्या आकड्यात किती डोस दिले ते असतं आणि खालच्या आकड्यात त्या भागात किती बाळं असतील त्याचा अंदाज असतो. हा अंदाज जुन्या लोकसंख्येवरून आणि जन्मदरावरून काढलेला, त्यामुळे वस्ती वाढली की तो मागे पडतो, आणि बाहेरगावची बाळं येऊन इथे डोस घेऊन गेली की कागदावर शंभरच्या वर टक्केवारी गेलेलीसुद्धा लोकांनी बघितलीय. शंभरच्या वर गेलं म्हणजे एकही मूल राहिलं नाही असं थोडंच आहे. ज्या बाळाचं नावच कुठल्या यादीत चढलं नाही ते ह्या हिशेबात ना वर येतं ना खाली. घरोघरी सर्व्हेत उलटीकडून सुरुवात करतात, आधी मूल शोधायचं आणि मग त्याला काय काय मिळालंय ते बघायचं.

आता कुठल्या घरात जायचं हे आपण ठरवायचं नसतं, सगळी गोम तिथेच आहे. आमच्या पीएसएमवाल्या (सामाजिक आरोग्य विषयाच्या) मॅडमनी ट्रेनिंगमध्ये जुनी पद्धत आधी समजावली, ३० क्लस्टर म्हणजे निवडलेल्या छोट्या वस्त्या आणि प्रत्येकात ७ मुलं, म्हणजे एकूण २१०. हेंडरसन आणि सुंदरेसन यांनी १९८२ मध्ये डब्ल्यूएचओच्या बुलेटिनमध्ये ह्या पद्धतीचा सगळा अनुभव लिहून मांडला आणि मग जगभर देशोदेशी तीच वापरली गेली. क्लस्टर लोकसंख्येच्या प्रमाणात निवडायचे, मोठ्या वस्तीला जास्त संधी, छोट्या वस्तीला कमी. वस्तीच्या मध्यावर उभं राहायचं, बाटली फिरवून दिशा ठरवायची, त्या दिशेची घरं मोजायची, नोटेवरच्या नंबरावरून पहिलं घर काढायचं आणि तिथून पुढे जवळचं दार मग त्याच्या जवळचं दार असं करत १२ ते २३ महिन्यांची ७ मुलं भरेपर्यंत जायचं. पैसा कमी, वेळ कमी, कॉम्प्युटर नाही अशा काळात ही फार हुशारीची पद्धत होती आणि उत्तर साधारण १० टक्के इकडे तिकडे येवढ्या अचूकतेनं मिळायचं. पण तिच्यात एक भोक आहे. दार बंद असलं की माणूस पुढच्या दाराला जातो आणि ७ ची संख्या उघड्या घरातूनच भरून निघते. म्हणून डब्ल्यूएचओनं २०१८ च्या मॅन्युअलमध्ये हे बदललं, आता आधी क्लस्टरमधल्या सगळ्या घरांची यादी करायची, त्यातून कॉम्प्युटरनं किंवा रँडम नंबरनं घरं काढायची, आणि जे घर निघालं तेच घर, बदली घर चालणार नाही. दार बंद असलं तर वेगवेगळ्या वेळेला परत जायचं. मॅडमचं एकच वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, "कुलूप लागलंय म्हणून शेजारी घुसायचं नाही." तेव्हा ते नियम म्हणून लिहिलं होतं, फील्डवर गेल्यावर त्यातलं कारण डोळ्यापुढे यायला लागलं.

फील्डवर जायच्या आधी आम्हाला सिस्टरांसोबत लसीकरणाच्या सेशनला बसायला लावलं होतं आणि ते फार बरं केलं. निळा व्हॅक्सिन कॅरिअर, त्यात चार आईसपॅक. मला वाटायचं फ्रीजरमधून काढले की टाकले आत. तर नाही. सिस्टर ते पॅक ओट्यावर काढून ठेवायच्या, त्यांना घाम सुटेपर्यंत थांबायच्या, मग एकेक पॅक कानाजवळ धरून हलवायच्या, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तरच कॅरिअरमध्ये. कारण पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियाची), हिपॅटायटिस बी ह्या लसी गोठल्या की कामातून जातात आणि एकदा गोठून परत वितळली की वरून बघून कुणाला पत्ता लागत नाही. सगळेजण उन्हाची भीती घालतात, सोलापूरचं ऊन आहेच तसं, पण बर्फाला चिकटून लस वाया जाणं हेही तितकंच खरं आहे. उन्हासाठी बाटलीवर व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणाऱ्या खुणेचा, गोल असतो, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली, दोन्हीचा रंग सारखा झाला की फेकायची. सिस्टर प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून बघत होत्या, बाहेर रांगेत बाळं रडत होती तरी बघत होत्या. दोन ते आठ डिग्री हे पुस्तकात वाचलं होतं, ते टिकवायला सकाळपासून एक बाई किती जपते ते त्या दिवशी बघितलं.

त्याच सेशनला आणखी एक गोष्ट कळली. एमआर (गोवर-रुबेलाची) आणि बीसीजी (क्षयरोगाची) ह्या पावडरच्या लसी, द्रावण मिसळलं की चार तासात वापरायच्या नाहीतर फेकायच्या. पेंटाची उघडलेली बाटली नीट ठेवली तर २८ दिवसांपर्यंत चालते, ह्या दोन्हींची नाही. नियम स्पष्ट आहे की एक मूल आलं तरी बाटली फोडा, मूल परत पाठवू नका. पण पुढे सर्व्हेत कितीतरी आयांनी सांगितलं की एका ठिकाणी त्यांना "आज एकच आहे, पुढच्या वेळी या" असं ऐकायला मिळालं, आणि ती पुढची वेळ मग आलीच नाही. लस वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी काळजीनंच सांगितलेलं असणार, पण त्या बाईनं त्या दिवसाच्या विड्या सोडून बाळ आणलेलं असतं.

विड्यांचं थोडं सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरात बाई सुपात पानं आणि तंबाखू घेऊन बसते, कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं, परत पुढचं पान. मजुरी हजार विड्यांवर. माल कारखान्यात नेऊन द्यायचा, तिथे तपासणीत छाट (नापास विड्या) निघाली की तेवढं गेलं. माल द्यायची वेळ आणि अंगणवाडीत लसीकरणाची वेळ दोन्ही सकाळच्या, हे ज्यानं वेळापत्रक केलं त्याच्या लक्षात कधी आलं नसावं. बरं पेंटाचा डोस दिला की बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं, आणि हे ठरलेलंच आहे कारण त्यात डांग्या खोकल्याची जी लस आहे ती अख्ख्या मेलेल्या जंतूंपासून केलेली आहे. एक-दोन दिवसात उतरतो ताप. पण ते एक-दोन दिवस ती बाई सुपाला हात लावू शकत नाही. एक अक्का माझ्याशी बोलताना एकदाही थांबली नाही, बोटं चालूच, मान खाली, आणि तशीच म्हणाली, "डोस चांगलाय ओ मॅडम, कोण नको म्हणतंय, पण त्या दिवशीचे हजार कोण वळणार?" दीड वर्षाचं पोरगं तिच्या पायाशी पानाच्या कात्रणात खेळत होतं. पहिले दोन पेंटा झालेले, तिसरा नाही.

ह्याला आमच्या भाषेत ड्रॉपआउट म्हणतात. पेंटाचा पहिला डोस घेतलेली मुलं आणि तिसरा घेतलेली मुलं ह्यातला फरक काढायचा. पहिला घेतलाय म्हणजे त्या घराला केंद्र माहितीय, लसीवर राग नाही, भीती नाही, तरी पुढे सुटलं. अशा घरी जाऊन लसीचं महत्त्व सांगत बसणं मला तरी बरोबर वाटत नाही, तिला ते महत्त्व आपल्याइतकंच माहिती असतं. तिला वेळ पाहिजे.

आणि पाणी. आपल्याकडे पाणी रोज येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. पाण्याच्या दिवशी गल्लीत गेलं तर सगळ्या बाया दारात असतात पण एकीलाही थांबायला वेळ नसतो, बॅरल, घागरी, पाईप, मोटर, कुणाचा नंबर, कुणाचं भांडण. लसीकरणाचा वार आणि पाण्याचा दिवस एक आला की बाळाला घेऊन कोण जाणार, पाणी गेलं तर परत काही दिवस टँकर नाहीतर उसनवारी. आमच्या फॉर्ममध्ये डोस चुकण्याच्या कारणांची यादी होती, वेळ मिळाला नाही, बाळ आजारी होतं, माहिती नव्हती, भीती वाटली असं. पाणी त्यात नव्हतं. आम्ही "इतर" मध्ये लिहीत गेलो आणि तो "इतर" चा रकाना इतका भरला की शेवटी त्याला वेगळा कोड द्यावा लागला. मला तर वाटतं कुठल्याही शहरातला सर्व्हे फॉर्म तिथल्याच चार बायांना आधी दाखवून मग छापावा, आम्ही पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीत, दाखवला होता तेव्हाच अर्ध्या प्रश्नांची भाषा बदलली होती.

भाषेचं म्हणाल तर एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, मग दखनी, मग मराठी. संमतीपत्रं सगळ्या भाषांत होती आणि माझी पार्टनर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली, तिच्यामुळे फार सोपं गेलं, ती दारात "अक्का" म्हणून तेलुगूत सुरुवात करायची आणि आतून लगेच चटई यायची. सहीचा मुद्दा मात्र अवघड. सही म्हटलं की लोकांना रेशन, आधार, घरकुलाचे हप्ते, कर्जाचे बचत गट सगळं आठवतं. एक आजोबा दारातूनच ओरडले, "काय लिहिलालाव ओ? कशाला सही पायजे?" मग बसून पूर्ण वाचून दाखवायचं, नाही म्हटलात तरी काही बिघडत नाही, रेशन बंद होत नाही, नाव रिपोर्टात येत नाही. काहींनी नाहीच म्हटलं आणि तो त्यांचा हक्क आहे, आम्ही नमस्कार करून निघालो. अंगठा असला तर साक्षीदार लागतो, त्यासाठी शेजारीण बोलवायची, आणि शेजारीण आली की तिचं बाळ यादीत नसलं तरी तीही कार्ड घेऊन येते, मग तिला समजवा की तुमचं घर निघालेलं नाही. त्या नाराज व्हायच्या आणि मलाही वाईट वाटायचं, पण कार्ड बघून पुढचा डोस कधी ते सांगून द्यायचो, ते काही फॉर्मवर चढत नाही.

वय काढणं हे अजून एक काम. १२ ते २३ महिने म्हणजे तारीख पक्की पाहिजे, महिनाभर इकडे तिकडे झालं की मूल यादीत येतं नाहीतर बाहेर जातं. जन्मदाखला असला तर प्रश्नच नाही. नसला तर आमच्याकडे सोलापूरचं एक घटनांचं कॅलेंडर बनवलेलं होतं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी की नंतर, मार्कंडेयाचा रथ निघाला तेव्हा पोटात होतं की कुशीत, रूपाभवानीच्या नवरात्रात बारसं झालं होतं का, रमजान ईदला किती महिन्याचं होतं. आज्या ह्यात एकदम पक्क्या असतात. आई म्हणते श्रावणात, आजी म्हणते "अगं, रथाच्या दिवशी तुला कळा सुरू झाल्या, रस्ता बंद होता म्हणून रिक्षा फिरवून नेली." रथ नारळी पौर्णिमेला, तारीख मिळाली.

मग कार्ड. माता बाल संरक्षण कार्ड बघितल्याशिवाय तोंडी उत्तर घ्यायचं नाही, आधी कार्ड मागायचं, हा नियम. कार्ड कुठे असतं तर ट्रंकेत, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्ड आणि लाईट बिलासोबत. काढायला वेळ लागतो, म्हणून लोक म्हणतात "झालेत ओ सगळे, लिहा." तिथेच थांबायचं असतं. थांबलं की निघतं. अडचण खरी माहेरच्या कार्डाची. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि इथल्या कितीतरी जणींचं माहेर इंडी, अफजलपूर, कलबुर्गीकडे नाहीतर तेलंगणात. सुरुवातीचे डोस तिकडे झालेले, कार्ड कन्नडमध्ये, कर्नाटकातलं ते तायी कार्ड, आणि बऱ्याचदा ते तिकडेच राहिलेलं. बाळ सहा महिन्यांचं होऊन सासरी येतं तेव्हा इथल्या यादीत त्याचं नाव नाही, आणि तिकडच्या यादीत असून बाळ तिथे नाही. दोन्ही राज्यांच्या रजिस्टरात आपापल्या परीने बरोबर लिहिलंय आणि मूल मधल्या रस्त्यात. आम्ही माहेरी फोन लावून, मामाला कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगून तारखा घेतल्या. काही मामांनी शेतातून घरी जाऊन पाठवले, त्यांचे फार उपकार.

कार्ड नसलंच तर आईला आठवेल ते. इथे रविवारचा पोलिओ फार गोंधळ करतो. "पोलिओ पाजलाय ना, प्रत्येक वेळी पाजलाय" म्हणजे सगळे डोस झाले असं घरातल्यांना प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून विचारताना जागेवरून विचारायचं, डाव्या दंडावर जन्मल्यावर सुई दिली का, दीड महिन्यानं मांडीत दिली का, ताप आला होता का, मग अडीच महिन्याला परत का, नऊ महिन्याला उजव्या दंडात का. आणि बीसीजीचा व्रण बघायचा. बाळाची बाही वर करून दंड उजेडाकडे वळवला की मसुराच्या दाण्याएवढा खड्डा दिसतो, काहींचा अगदी फिका, बोट फिरवल्यावर कळतो. व्रण असला तर बीसीजी झालंय हे नक्की, नसला तर झालंच नाही असं मात्र म्हणता येत नाही, काही मुलांना उठत नाही. पोलिओवरून आठवलं, देशातली शेवटची जंगली पोलिओची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्यातली, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ते दारोदारच्या थेंबांनीच झालं, पाजणाऱ्या बायांनी दारावर खडूनं खुणा करून बंद घरं वेगळी लिहून ठेवली आणि परत परत गेल्या म्हणून झालं. ती जुनी खडूची खूण आम्हाला काही दारांवर अजून दिसली.

तर बंद घरं. यादीत निघालेलं घर, कुलूप. शेजारी विचारलं तर तीन-चारच उत्तरं येतात. दोघंही कामाला जातात आणि बाळ आजीकडे दुसऱ्या पेठेत. बाई माहेरी गेलीय. भाड्याचं घर होतं, सोडून गेले. नाहीतर नवरा रात्रपाळी करून आत झोपलाय आणि बाहेरून कडी. सकाळी दहा ते पाचमध्ये सर्व्हे केला तर ही घरं कधीच सापडत नाहीत, म्हणून आम्ही संध्याकाळी सात-आठला आणि रविवारी जायला लागलो, आणि दार उघडल्यावर एकामागून एक तेच दिसत होतं. ज्या कारणानं ते घर आम्हाला सापडत नव्हतं त्याच कारणानं ते सिस्टरला, आशाताईंना सापडत नव्हतं. कुलपाआडच्या मुलाचे डोस राहिलेले असण्याची शक्यता उघड्या दारातल्या मुलापेक्षा जास्त असते, आणि सर्व्हेनं तेच घर सोडलं तर आकडा हमखास फुगतो.

समजायला सोपं म्हणून मनातलेच आकडे घेते, आमच्या सर्व्हेचे नाहीत. १०० घरात त्या वयाची मुलं आहेत. ८० घरं उघडी मिळाली, त्यातल्या ७२ मुलांचे डोस पूर्ण, म्हणजे ९० टक्के, सगळे खूश. राहिलेल्या २० कुलपाच्या घरांत १० मुलांचेच पूर्ण असतील तर १०० पैकी ८२. आता गोवराला लावून बघा. गोवराचा एक पेशंट, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर १२ ते १८ जणांना देतो, पेशंट निघून गेल्यावरही विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, म्हणून दोन्ही डोस मिळून ९५ टक्क्यांच्या वर संरक्षण लागतं तेव्हा साथ अडते. ९० आणि ८२ मध्ये किती मुलं उघड्यावर पडतात विचार करा, आणि ती मुलं शहरभर विखुरलेली नसतात, एका गल्लीत, एका चाळीत शेजारी शेजारी असतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे, तसंच मालेगाव, भिवंडीत गोवर पसरला तेव्हाही दाट वस्तीतली डोस राहिलेली मुलंच जास्त सापडली होती.

एमआरच्या दुसऱ्या डोसाबद्दलही थोडं. तो १६ ते २४ महिन्यांत असतो आणि लोक त्याला बूस्टर समजतात, एकदा झालंय की मग कशाला. पण नऊ महिन्यांच्या बाळात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती थोडी शिल्लक असते, तिच्यामुळे पहिल्या डोसानं १०० पैकी साधारण ८५ मुलांनाच संरक्षण लागू पडतं. दुसरा डोस त्या उरलेल्या १५ साठी आहे, आणि कुठली १५ ते बघून कळत नाही म्हणून सगळ्यांना द्यावा लागतो. आणि "पूर्ण लसीकरण" म्हणून जो आकडा पेपरात येतो त्यात हा दुसरा डोस बहुतेक वेळा धरलेलाच नसतो, एक बीसीजी, तीन पोलिओ, तीन पेंटा आणि गोवराचा एक एवढ्यावर तो पूर्ण होतो. देशाचा हा आकडा एनएफएचएस ५ (२०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मध्ये ७६.४ टक्के होता. म्हणून आमच्या मॅडमनी २४ ते ३५ महिन्यांच्या मुलांचा वेगळा गट घेतला होता, नाहीतर दुसऱ्या वर्षातले डोस कुणाच्या नजरेतच येत नाहीत.

लसीच्या विरोधात ठाम असलेले लोक मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी भेटले. एका घरी वडिलांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, लसीमुळे ऑटिझम होतो असा. मी त्यांना सांगितलं की ते १९९८ मधल्या एका लेखावरून सुरू झालं आणि तो लेख लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. ते शांतपणे ऐकत होते, पटलं का माहीत नाही, पण बाळाचं कार्ड दाखवलं आणि त्यावर सगळे डोस वेळेवर होते, बायकोनं नेलेले.

विरोधापेक्षा जास्त दिसली ती ओरडा बसायची भीती. एकदा तारीख चुकली, मग दुसरी चुकली, आता गेलं तर "इतके दिवस कुठे होतात, झोपला होतात का" असं सगळ्यांसमोर ऐकावं लागेल म्हणून जायचंच नाही. हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कुठल्याही केंद्रावर कुणी आईला ओरडताना दिसलं की मला राहवत नाही. आणि दुसरा गैरसमज असा की उशीर झाला म्हणजे पहिल्यापासून सगळं परत घ्यावं लागतं. तसं नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतात, झालेले डोस वाया जात नाहीत. बीसीजी वर्षाच्या आत देता येतं, वर्षानंतर पेंटा सुरू करत नाहीत पण डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) सात वर्षांपर्यंत देता येते, एमआर पाच वर्षांपर्यंत. हे मी सांगितल्यावर एक ताई लगेच पदर खोचून उठली, "मग आत्ता चालू आहे का ओ केंद्र?" संध्याकाळ झालेली, केंद्र बंद होतं, चिठ्ठीवर वार आणि वेळ लिहून दिली.

सर्व्हे संपला, टॅबमधला डेटा तपासून झाला, आता वेटिंग (कुठल्या उत्तराला किती वजन द्यायचं तो हिशेब) आणि टेबलं चालू आहेत. आकडे मी इथे देणार नाही कारण रिपोर्ट बाहेर आल्याशिवाय ते सांगायचे नाहीत असं ठरलंय. एक मात्र सांगते, कुलपाच्या घरांचं टेबल वेगळं आहे. पहिल्या भेटीत सापडलेली मुलं एका रकान्यात आणि परत परत गेल्यावर सापडलेली दुसऱ्या रकान्यात, शेजारी शेजारी. हे टेबल असलं पाहिजे म्हणून आम्ही सगळे इन्व्हेस्टिगेटर मॅडमकडे गेलो होतो आणि त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं. त्याखेरीज माल द्यायची वेळ आणि पाण्याचे वार टाळून संध्याकाळचं सेशन घेता येईल का, ह्याचा प्रस्ताव रिपोर्टासोबत जाणार आहे. पुढे काय होतं ते बघू.

घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर आज एक करा, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि एक माहेरी नाहीतर सासरी पाठवून द्या. यू-विनवर (सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन यादीत) नोंद असली तरी ती ज्या नंबरवर आहे तो नंबर बदलला की शोधाशोध होते, आमच्याकडे तर दर दुसऱ्या घरात सिम बदललेलं होतं. आणि कुणी गळ्यात ओळखपत्र घालून, टॅब घेऊन दारात आलं, तर ओळखपत्र बघून घ्या, काय विचारायचं ते विचारा, आणि शेजारच्या घराला कुलूप असेल तर ती माणसं कधी घरी असतात तेवढं त्यांना सांगा.